जमिनीतून आलेली वीज: हार्डांगरव्हिडाच्या ३२३ रेनडिअरचं प्रकरण

२६ ऑगस्ट २०१६, शुक्रवार. दक्षिण नॉर्वेत हार्डांगरव्हिडा नावाचं एक अवाढव्य पठार आहे, सरासरी उंची ११०० मीटरच्या आसपास, झाड औषधालाही नाही, नुसता दगड, दगडफूल, खुरटी झुडपं आणि जागोजाग पाण्याची डबकी. त्या दिवशी तिथं जोरदार विजांचं वादळ झालं होतं. निसर्ग खात्याचा एक कर्मचारी फिरतीवर असताना त्याला एका उतारावर रेनडिअर पडलेले दिसले. एक दोन नाही, अख्खा कळप. मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला ३२३, त्यात ७० पिल्लं. पाच जनावरं धुगधुगी असलेली सापडली पण ती उठू शकत नव्हती, त्यांना तिथंच मारावं लागलं आणि ती पण या आकड्यात धरलेली आहेत.

सगळे मिळून जेमतेम ५० ते ८० मीटर व्यासाच्या जागेत. फोटो बघितले तर अंगावर काटा येतो, एकमेकाला खेटून, काही एकमेकांच्या अंगावर, जणू कुणीतरी एकदम स्विच बंद केला. खात्याच्या लोकांनी पण सांगितलं की विजेनं जनावरं मरतात हे ठाऊक आहे, पण एवढ्या संख्येनं मेल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

मी सबस्टेशनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, गाव माणदेशातलं, त्यामुळे हे प्रकरण वाचल्यापासून डोक्यातून गेलंच नाही. जगाला नॉर्वेचं नवल वाटलं, पण आमच्याकडं वळवाच्या दिवसांत ‘वीज पडून मेंढ्या ठार’ ही बातमी पेपरात कोपऱ्यात येतेच. आकडा लहान, गोष्ट तीच. आणि नॉर्वेचं प्रकरण इतकं मोठं आणि इतकं स्वच्छ आहे (झाड नाही, कुंपण नाही, तार नाही, गोठा नाही) की वीज नेमकी मारते कशी हे शिकायला यापेक्षा चांगला नमुना सापडणार नाही.

तर पहिला प्रश्न सगळ्यांनाच पडतो. विजेचा पट्टा असतो केवढा? दोन तीन सेंटीमीटर जाडीचा, म्हणजे अंगठ्याएवढा म्हणा. डोळ्याला जाड दिसतो कारण उजेडच तसा असतो, आतली हवा ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. पण जाडी अंगठ्याएवढीच. मग ३२३ जनावरांवर ती पडली कशी?

लोकांनी तेव्हा बरेच तर्क लढवले. शिंगांनी वीज ओढून घेतली म्हणे. रेनडिअरमध्ये माद्यांनाही शिंगं असतात हे खरं, पण शिंगानं फारतर एखादं जनावर दुसऱ्यापेक्षा हातभर उंच होईल, ३२३ चा हिशोब त्यानं लागत नाही. रोगाचाही विचार झाला आणि तो अगदीच फुकाचा नव्हता, कारण त्याच वर्षी वसंतात नॉर्वेतल्या जंगली रेनडिअरमध्ये हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग सापडला होता, युरोपातली ती पहिलीच नोंद. म्हणून मेलेल्या जनावरांची मुंडकी कापून तपासणीला नेली. पण रोगानं ३२३ जनावरं एका जागी एका क्षणात मरत नाहीत. वादळाची वेळ, मेलेल्यांचा घेर, पडण्याची पद्धत, सगळं विजेकडंच बोट दाखवत होतं.

आता वरून सुरुवात करू, कारण वरचा खेळ खरंच बघण्यासारखा आहे आणि मला तरी या वयातही त्याचा कंटाळा आलेला नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर माळावर उभं राहिलं की ढग कसा उभा वाढत जातो ते दिसतं, फुलकोबीसारखा वर वर, दहा बारा किलोमीटर उंच. आत जोराचे वारे वर चढत असतात आणि त्यात बर्फाचे बारीक कण आणि जरा जड मऊ गारा एकमेकांवर आपटत असतात. या आपटाआपटीत विद्युतभार वाटला जातो, हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन मधल्या थरात राहतात, साधारण उणे १० ते उणे २० अंश तापमानाच्या पट्ट्यात. भार साठत साठत इतका होतो की हवा, जी एरवी पक्की इन्सुलेटर, तीच फुटायला लागते. मग ढगातून एक वाट खाली निघते, सलग नाही, पन्नास पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फांद्या फोडत, चाचपडत. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच टोकांतून, झाडं, खांब, माणसाचं डोकं, कशातूनही वर जाणारे छोटे धागे निघतात. त्यातला जो आधी भेटला तिथं सर्किट पूर्ण, आणि मग जो लखलखाट आपण बघतो तो खालून वर धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एकाच वाटेनं असे तीन चार झटके लागोपाठ जातात म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. हे माहीत झाल्यावर लांबचं वादळ बघायला अजून मजा येते. लांबचं म्हणतोय मी, हे लक्षात ठेवा.

इथपर्यंत शाळेतल्या पुस्तकातही असतं. पण करंट जमिनीला टेकल्यावर पुढं काय होतं ते फार कुणी सांगत नाही, आणि या प्रकरणाचं उत्तर तिथंच आहे.

पहिल्या झटक्याचा करंट साधारण ३० हजार अँपिअर असतो. घरातला गीझर दहा अँपिअर घेतो. एवढा करंट एका बिंदूत शिरला की तो गायब होत नाही, त्याला जमिनीतून चारी बाजूंना पसरावं लागतं. पसरताना जमिनीचा रेझिस्टन्स त्याला अडवतो आणि जिथं रेझिस्टन्स तिथं व्होल्टेज. म्हणजे वीज पडलेल्या बिंदूपाशी जमिनीचं व्होल्टेज भयानक आणि लांब जाल तसं कमी कमी. आता या उतरत्या व्होल्टेजच्या जमिनीवर कुणी उभं असेल तर त्याच्या एका पायाखाली एक व्होल्टेज आणि दुसऱ्या पायाखाली वेगळं, आणि मधल्या फरकामुळे करंट एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून खाली उतरतो. आमच्या धंद्यात याला स्टेप पोटेन्शियल म्हणतात. स्विचयार्डमध्ये, म्हणजे सबस्टेशनच्या उघड्या आवारात, सगळीकडं खडी अंथरलेली असते ना, बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं चिखल होऊ नये, गवत वाढू नये म्हणून. ते आहेच, पण मुख्य कारण हे. फॉल्टच्या, म्हणजे बिघाडाच्या वेळी करंट जमिनीत गेला तर बुटाखाली जास्त रेझिस्टन्सचा थर हवा म्हणून खडी, आणि तिच्या खाली पुरलेली लोखंडी पट्ट्यांची जाळी.

थोडा हिशोब करून बघा, मी कागदावर केला. जमीन एकसारखी धरली, खडकाळ जमिनीची रेझिस्टिव्हिटी (जमीन करंटला किती अडवते त्याचं माप) १००० ओहम-मीटर धरली, करंट ३० हजार. वीज पडली तिथून २० मीटरवर, पुढच्या मागच्या पायात दीड मीटर अंतर असलेलं जनावर तोंड विजेकडं करून उभं आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या खुरांमध्ये येतात १६ हजारांच्या वर व्होल्ट. ४० मीटरवर गेलं तरी ४ हजारांच्या वर. आणि ४० मीटरची त्रिज्या म्हणजे ८० मीटरचा व्यास, मेलेल्या कळपाचा पसारा पण जास्तीत जास्त तेवढाच. खरी जमीन अशी एकसारखी नसते, वरचा ओला थर वेगळा, खालचा खडक वेगळा, आणि मोठ्या झटक्यात करंट जमिनीच्या वरून सुद्धा ठिणग्या मारत पळतो, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे, पण मेळ बसतो.

त्याच जागी, २० मीटरवर, एखादा माणूस पाय जवळ ठेवून उभा असेल, पावलांत वीतभर अंतर, तर त्याच्या वाट्याला येतात २३०० च्या आसपास. कमी नाहीच, पण १६ हजार कुठं आणि २३०० कुठं. शिवाय माणसात करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, बराचसा कमरेच्या खालीच राहतो. जनावरात मात्र पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतची वाट धडातून जाते आणि त्या वाटेवर काळीज बसलेलं. त्यामुळे बैल मेले आणि बाजूला उभा शेतकरी वाचला असं होतं तेव्हा लोक म्हणतात देवानं वाचवलं. असेल, पण पायांच्या अंतरानं पण वाचवलं.

जनावर कुठल्या दिशेला तोंड करून आहे यानं पण फरक पडतो. विजेकडं तोंड किंवा पाठ असेल तर पूर्ण लांबीचा फटका, आडवं उभं असेल तर कमी. कळपात सगळी वेगवेगळ्या तोंडाची असतात, तरीही इतकी मेली, याचा एक अर्थ ती फारच खेटून आणि फारच जवळ होती. रेनडिअरची ती खोडच आहे, भीती वाटली की पांगायचं सोडून एकमेकाला चिकटायचं. लांडग्यापासून वाचायला ही चाल हजारो वर्षं कामाला आली, विजेपुढं उलटी पडली. त्यात ओली जमीन, ओलं अंग, एकमेकाला लागलेलं, म्हणजे करंटला एका जनावरातून दुसऱ्यात जायलाही मोकळं रान.

जगात इतर ठिकाणीही असं झालंय. ऑस्ट्रेलियात २००५ साली ६८ जर्सी गाई एका फटक्यात मेल्या होत्या. आणि आपल्याकडं मे २०२१ मध्ये आसामच्या नगाव जिल्ह्यात १८ हत्ती एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याला मेलेले सापडले. सुरुवातीला लोकांचा विश्वासच बसेना, विषप्रयोगाचा संशय घेतला गेला, शेवटी तपासात वीज हेच कारण निघालं. हत्तीच्या पुढच्या मागच्या पायातलं अंतर बघा आणि वरचा हिशोब परत करा.

आता हार्डांगरव्हिडावर पुढं काय झालं, तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. ३२३ प्रेतांचं करायचं काय? रोगतपासणीसाठी मुंडकी नेली, बाकी धडं तिथंच सोडायची ठरली. निसर्गाचं निसर्गाला. परिसरातल्या लोकांत कुरकुर झाली, उंदीर माजतील, घाण होईल. पण काही संशोधकांना ही आयती संधी वाटली, साऊथ-ईस्टर्न नॉर्वे विद्यापीठातल्या मंडळींनी तिथं कॅमेरे लावले, वर्षानुवर्षं जाऊन नोंदी केल्या. डोमकावळे, कावळे, गरुड, कोल्हे सगळे जेवायला आले. आणि गंमत म्हणजे उंदीर माजले नाहीत, उलट सुरुवातीला पक्ष्यांच्या भीतीनं ते त्या जागेच्या वाऱ्यालाही फिरकेनात, पुढं मांस संपलं, पक्षी पांगले, तेव्हा उंदीर हळूहळू परत आले. दुसरं असं की या खाणाऱ्यांच्या विष्ठेत क्रोबेरी नावाच्या झुडपाच्या बिया सापडल्या, उगवण्याजोग्या. क्रोबेरीला उगवायला मोकळी उघडी माती लागते, आणि कुजलेल्या प्रेतांनी खालचा झाडोरा मारून नेमकी तशीच माती तयार करून ठेवली होती. म्हणजे मेजवानीला आलेल्या पाहुण्यांनीच बी पण आणलं आणि रान पण तयार. एका क्षणाच्या विजेनं त्या उतारावरचं गवत, झुडपं, पक्षी, उंदीर सगळ्यांचं वेळापत्रक काही वर्षं बदलून टाकलं.

आता घरी येऊ. माण, आटपाडी, सांगोला हा आमचा पट्टा, मुरमाड माळ, वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. रेझिस्टिव्हिटीच्या दृष्टीनं हा माळ हार्डांगरव्हिडाचा चुलतभाऊच. भिजलेल्या काळ्या रानात रेझिस्टिव्हिटी २० ओहम-मीटरपर्यंत खाली असते, तिथं वरचाच हिशोब केला तर २० मीटरवरच्या जनावराला १६ हजारांऐवजी तीनशे साडेतीनशे व्होल्ट येतात. म्हणून मुरमाड माळावर, कातळावर, कोकणातल्या सड्यावर जमिनीतून येणाऱ्या विजेचा धोका काळ्या मातीपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि तुम्हालाही बहुतेक नसेल सांगितलं.

आणि या माळावर कोण फिरतं तर मेंढरं. मेंढराची पण तीच खोड, पाऊस आला की डोकी एकमेकाच्या पोटाखाली घालून गठ्ठा करून उभं राहायचं. रेनडिअरपेक्षा वाईट म्हणजे आमच्याकडं माळावर एखादीच लिंब किंवा बाभळ असते आणि मेंढरं, मेंढका, कुत्रं सगळे तिच्याखाली जमतात. एकटं झाड म्हणजे वर जाणारा धागा निघायची हमखास जागा. वीज झाडावर पडली की खोडातून उतरते, पण ओलं झाड काही तांब्याची पट्टी नव्हे, वाटेत माणसाचं शरीर जास्त सोपं वाटलं तर ती खोडावरून सरळ त्याच्यावर उडी मारते. आणि उरलेली मुळांतून जमिनीत पसरते, म्हणजे परत तेच, पायांखालून. डॉक्टर लोकांनी विजेच्या बळींचा जो अभ्यास केलाय त्यात थेट अंगावर वीज पडलेले शंभरात पाचसुद्धा नसतात, निम्म्याच्या आसपास लोकांना ती जमिनीतून येते, आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांना अशी बाजूच्या वस्तूवरून उडी मारून.

आमच्याकडं पायाळू माणसाची मोठी समजूत आहे. जो जन्मताना पायाकडून येतो त्याच्यावर वीज पडते म्हणून पावसात त्याला घराबाहेर पडू देत नाहीत. माझी आज्जी तर एका चुलत्याला ढग आला की घरात कोंडायची. समजुतीत काही दम नाही, पण चुलता वाचला हे खरं, कारण घरात होता. बाकीच्या भावंडांना पण कोंडलं असतं तर बरं झालं असतं एवढंच माझं म्हणणं.

भारतात दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं विजेनं मरतात, बहुतेक शेतात राबणारी. आणि आपल्याकडं सल्ला काय दिला जातो तर झाडाखाली थांबू नका. बरोबर आहे, पण मेंढक्यानं मग जायचं कुठं ते पण सांगा की. तर मला जे कळतं ते असं. पहिलं म्हणजे वेळ. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आलं की वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज तुमच्या डोक्यावर पडू शकते, पाऊस अजून आला नसला तरी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, आजूबाजूला कुठं वीज पडतेय ते दाखवतं, माळावर रेंज असेल तर. मोबाईल वीज ओढतो ही अफवा आहे, बिनधास्त वापरा. पक्कं घर किंवा बंद टपाची गाडी जवळ असेल तर तिकडं निघायचं, पत्र्याचा टेम्पो चालतो पण मोटरसायकल नाही, आणि चार खांबांवर उभं केलेलं उघडं शेड पण नाही.

काहीच जवळ नसेल तर उंचवट्यावरून खाली उतरायचं, एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब व्हायचं, माणसांनी घोळका न करता पांगून राहायचं, म्हणजे एकाला लागलं तर दुसरा धावायला उरेल. पाय जुळवून उकिडवं बसायचं. जमिनीवर आडवं अजिबात पडायचं नाही, आडवं पडलेला माणूस म्हणजे डोकं ते पाय पाच साडेपाच फुटांचं अंतर, म्हणजे जनावरच झाला तो हिशोबाला. उकिडवं बसल्यानं माणूस सुरक्षित होतो असं नाही, फक्त गणितातला एक आकडा लहान होतो. लाइनची तार तुटून पडली तर आम्ही जे शिकवतो तेच, लांब ढांगा टाकायच्या नाहीत.

आणि कुणाला लागलंच तर हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. विजेनं काळीज आणि श्वास दोन्ही थांबतात, काळीज बऱ्याचदा आपणहून परत चालू होतं पण श्वास मागं राहतो, आणि श्वास नाही म्हणून काळीज दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून मेलेला दिसतोय त्याच्याकडं आधी जायचं, छाती दाबायची, तोंडानं श्वास द्यायचा, १०८ ला फोन. जो ओरडतोय तो थोडा वेळ थांबू शकतो. छत्तीसगडकडं विजेचा मार लागलेल्याला शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या येतात, तेवढ्यात जीव जातो.

मेंढरांचं काय, हे मला गावातल्या एका मेंढक्यानं विचारलं होतं. त्याला म्हटलं, दादा, ढग दिसला की खांड माळाच्या माथ्यावरून खाली काळ्या रानाकडं उतरव, लिंबाखाली जाऊ देऊ नकोस, आणि जमलं तर दोन तीन तुकड्या करून लांब लांब ठेव. तो हसला, म्हणाला, भिजलेलं मेंढरू तुकड्यात राहतंय व्हय. त्याचं बरोबर आहे. नॉर्वेच्या सरकारलाही रेनडिअर पांगवता आले नसते.

एक गोष्ट मात्र माणसाच्या हातात आहे. नॉर्वेत प्रेतं सोडून दिली कारण ती जंगली होती, कुणाच्या मालकीची नव्हती. इथं एकेक मेंढरू म्हणजे पैसा, त्यामुळे मेलेली जनावरं हलवायची नाहीत, आधी तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यायचं, फोटो काढून ठेवायचे. त्याशिवाय मदत मिळत नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या मदतीच्या निकषांत मेंढी किंवा शेळीला ४००० रुपये ठरवले होते, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांपुरते. वीज मात्र तिसाव्या मेंढरापाशी थांबत नाही, तेव्हा ही मर्यादा विजेच्या बाबतीत तरी उठवावी अशी मागणी कुणी आमदारांच्या कानावर घातली तर मी सही करायला तयार आहे, वरच्या हिशोबाचा कागदही जोडतो.